निळा रोहिदास

मोशी, ४ जानेवारी

विजयश्री,

हे पत्र समेटाचं नाही, ते आधीच सांगून टाकतो. अडचण तांत्रिक आहे आणि मशीन तुझं आहे, म्हणून तुला लिहिणं भाग पडलं. मोबाइलवर मला जमत नाही. अर्धा शब्द लिहिला की उरलेला अर्धा तो आपल्या मनानं घालतो आणि माझं डोकं फिरतं.

तर, तुझा मोठा प्रिंटर. दोन वर्षं तुझ्या खोलीत चादरीखाली पडून होता. परवा चादर काढली आणि कपाटाच्या दाराला आतून तू चिकटवलेला कागद वाचत कामाला लागलो. फोटो कॉम्प्युटरवर उलटा करायचा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तो पारदर्शक प्लॅस्टिक शीटवर छापला की झाली निगेटिव्ह. दोन बाटल्यांतली रसायनं मिसळून चित्रकलेच्या कागदाला फासायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर निगेटिव्ह, वर काच, आणि सगळं गच्चीवर उन्हात. ऊन लागेल तिथं कागद निळा होतो, शाईनं ऊन अडवलं तिथं पांढरा राहतो. मग पाण्यात धुवायचा. तिसरीतल्या पोरालाही जमेल, असं तू म्हणायचीस. मला जमत नाही. शीटवर शाई वाळतच नाही, तिचे नुसते थेंब होऊन बसतात. जरा बोट लागलं की रोहिदासचं नाक पुसलं जातं.

हो, फोटो रोहिदासचाच आहे. त्याचं वर्षश्राद्ध तिथीनं बावीस फेब्रुवारीला येतंय आणि शालनवहिनींकडे भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो नाही. लग्नाकार्यात तो कायम मागच्या रांगेत. आधार कार्डावरचा मोठा करून बघितला, तर पोलीस शोधत असलेला माणूस वाटतो. मग मला तू काढलेला आठवला. चाकणला कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसलाय, उजव्या हातात ग्लास आहे आणि हसतोय. ज्याच्यावरून आपलं झालं, तोच.

तो तुझ्या जुन्या लॅपटॉपवर सापडला. मी निगडीला जयदीपच्या स्टुडिओत दिला आणि तयार झाल्यावर बांधलेली फ्रेम तशीच उचलून वहिनींच्या घरी गेलो. न बघता माल पुढे पाठवला. एवढी वर्षं क्वालिटीत काढून हा गाढवपणा मी केला. कागद सोडला तर आत एक गोरापान गृहस्थ. अंगात कोट, गळ्यात टाय, मागे बर्फाचे डोंगर. आणि ग्लास धरलेल्या उजव्या हाताला पाचच्या पाच बोटं.

वहिनींनी फ्रेम मांडीवर घेतली, पदरानं काच पुसली. मग म्हणाल्या, "भावजी, ह्ये आमचं मालक न्हाईत. ह्या मानसाला म्या कधी जेवाय वाढलं न्हाई."

मी तसाच जयदीपकडे. तो म्हणतो, "काका, वारलेल्या माणसाचा फोटो आम्ही असाच करतो. लोकांना असाच लागतो. आणि बोटांचे वेगळे पैसे लावलेच नाहीत, ती एआयनं आपोआप आली." दुसऱ्या स्टुडिओत गेलो, तर तो म्हणाला की बोटं नको असतील तर हातावर फुलं टाकून झाकून देतो.

कंपनीतल्या प्रेस मशीननं रोहिदासची दोन बोटं नेली तेव्हा मी पलीकडच्या टेबलावर माल तपासत होतो. चिंध्यांत गुंडाळलेला तो हात दवाखान्यापर्यंत मी धरून ठेवला होता. ती बोटं परत चिकटवायला यांना कुणी सांगितलं? आता रोहिदासला कुणाच्याही हातात द्यायचा नाही, मीच करणार.

शाई का वाळत नाही, तेवढं कळव. मी तुझ्याकडे फोटो मागत नाहीये, हे लक्षात ठेव.

– तुझे वडील

मोशी, १४ जानेवारी

विजयश्री,

तुझा निरोप आईच्या मोबाइलवर वाचला. "आई, त्यांना सांग, शीटला दोन बाजू असतात. खरखरीत बाजूवर छापा." त्यांना म्हणजे कोणाला? मी काय शेजारचा आहे?

असो. बाजू बदलली, शाई वाळली. मला वाटलं, जिंकलो. निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली तर काळा भाग डांबरासारखा काळा. कागदाला रसायन लावलं, गच्चीवर नेलं. तिथं सोसायटीचे चेअरमन पाण्याची टाकी बघायला आलेले. माझ्या हातात ब्रश, बोटं पिवळी, काचेखाली उलट्या रंगाचा माणूस. त्यांनी विचारलं, "उद्धवराव, हे बाहेरचं काही करून घेतलंय का?" आता जिन्यातल्या बायका आईकडे वेगळ्या नजरेनं बघतात. तुझ्यामुळे या वयात मी मांत्रिक झालो.

एवढं करून प्रिंट धुतली तर सगळंच निळं. शर्ट निळा, ग्लास निळा, दातसुद्धा निळे. पांढरं म्हणून काही नाहीच. पुन्हा केली, पुन्हा तेच. उन्हात कमी वेळ ठेवली तर सगळंच फिकट. पाणी दिवसाआड येतं, हे तू विसरली नसशील. माझं प्रिंट धुणं बिनपाण्याच्या दिवशी आलं आणि पिंपातलं पाणी संपलं. आई मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ती म्हणते, एवढा आटापिटा कशाला, पोरीला सांगा, ती एका दिवसात करून पाठवेल. मी तिला सांगितलं, सांगणार नाही.

का सांगू? रोहिदासच्या दहाव्याला तू बडोद्याहून इंद्रायणीच्या घाटावर आलीस. वहिनींच्या गळ्यात पडून रडलीस. मी पिंपळाच्या पारापाशी उभा होतो, तूही मला बघितलंस. तिथून आपलं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. तू परस्पर स्टेशनला गेलीस. आईनं त्या दिवशी तुझ्या नावाचा भात टाकला होता, तो रात्री मी खाल्ला.

काळी शाई ऊन का अडवत नाही, ते कळव.

– तुझे वडील

मोशी, २७ जानेवारी

विजयश्री,

"शाई लोकल आहे का? ती डोळ्यांना काळी दिसते, पण उन्हातले अतिनील किरण तिच्यातून आरपार जातात. ओरिजिनल घालायला सांग."

लोकलच होती. चिंचवडच्या दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं की ओरिजिनलला मागे टाकते. ओरिजिनल आणली, नळ्या साफ केल्या, चार दिवस त्यात गेले. प्रिंटर मध्येच पट्टे मारायला लागला. रोहिदासच्या कपाळावर आडव्या रेघा, भस्म फासल्यासारखा. मी त्या मशीनला शिव्या दिल्या, मग डोकं पुन्हा साफ केलं. त्याचं, माझं नव्हे.

काल प्रजासत्ताकाची सुट्टी, ऊन कडक. शर्ट पांढरा आला! ग्लासाची कड पांढरी आली, दात चमकले. चेहरा जरा काळवंडला होता, पण मला भरतं आलं होतं. ओलीच प्रिंट ताटात घेऊन मी जिना उतरलो आणि आईसमोर धरली. ती कणीक मळत होती. तिनं बघितलं, मान वाकडी करून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "पण रोहिदासभावजींचा तर उजवा हात होता ना?"

उजवाच होता! आणि ताटात डावा. खरखरीत बाजू कागदाला टेकवायची, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं फिरणार, म्हणून छापतानाच ते फिरवून छापावं लागतं. हे तुझ्या कागदावर शेवटच्या ओळीत होतं, आणि तिथं तू दाराची कडी बसवलीस. जयदीपनं बोटं दिली आणि मी रोहिदासचा धडका हात मोडून ठेवला. खाली बसलो तो बसलोच. आई हसायला लागली. मला इतका राग आला की मी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. त्या दिवशी पुण्यात तुझ्या प्रदर्शनात मी जे बोललो, ते रोहिदाससाठी बोललो. हॉलमध्ये थंडगार हवा, लोक हातात कॉफी घेऊन माझ्या मित्राचा तुटका हात बघत होते. एक बाई म्हणाली, "किती सुंदर टेक्श्चर आहे." मला ते सहन झालं नाही. तू म्हणालीस, काकांना विचारून फोटो काढला होता. फोटो काढायला हो म्हणणं वेगळं आणि भिंतीवर टांगायला वेगळं. मी ओरडलो, लोक बघायला लागले. तू खाली मान घालून उभी राहिलीस. वाद तरी घालायचास! तू वाद घालणारी पोरगी आहेस. दहावीत मार्कांवरून बोर्डाला पत्र लिहिलं होतंस. माझ्याशीच बोलायचं नव्हतं का?

चेहरा काळा येतोय, त्याचं काय करू?

– तुझे वडील

मोशी, ७ फेब्रुवारी

विजू,

या वेळी निरोप लांब होता. आईनं मला तीनदा वाचून दाखवला. "त्यांना सांग, कागद हा आपल्या डोळ्यांसारखा बघत नाही. गडद रंगांतला फरक त्याला कळत नाही, सगळे एकच निळे करून टाकतो. म्हणून आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोनांची पट्टी छापायची, कुठले चौकोन एकमेकांत मिसळतात ते बघायचं आणि तेवढ्या भागात निगेटिव्ह जरा घट्ट, म्हणजे जास्त काळी करायची. त्याला कर्व्ह म्हणतात. नाहीतर मी करून पाठवू का?"

नको. शेवटचं वाक्य तू लिहिलंस ते मला दिसलं. पण नको.

मी आधी सोपा मार्ग घेतला, तो सांगतो. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, चेहरा उजळ केला, छापला. नाक आलं, डोळे आले, सगळं आलं. वाळत घातला आणि लांबून बघितलं तर जयदीपचा गृहस्थ! फक्त कोट नव्हता. रोहिदास उन्हातान्हात हिंडलेला, मोशीच्या काळ्या रानातला गडी. त्याच्या तोंडावर घाम आला की कपाळ तेवढं चकाकायचं, गालाला खळी पडायची ती काळ्यात काळी दिसायची. ते सगळं मी धुऊन टाकलं होतं. मी तो फाडला.

मग बसलो पट्टी घेऊन. एकवीस चौकोनांपैकी शेवटचे आठ एकसारखे निळे. आलेखाचा कागद आणला, मोजून रेघ काढली, निगेटिव्ह बदलली, पुन्हा पट्टी. आता सहा मिसळले. पुन्हा. मग ढग आले आणि दोन दिवस ऊनच नाही. मी खिडकीत बसून ढगांना बोलत होतो. आईनं मला भाजी निवडायला बसवलं.

मला एक कळत नाही. तू हे असं किती वेळा केलं होतंस? प्रदर्शनाच्या आधी वर्षभर तू गच्चीवर असायचीस आणि मी खालून ओरडायचो की बीई झालेली पोरगी कागद धूत बसली आहे. मला वाटायचं, बटण दाबलं की फोटो येतो. रोहिदासच्या गालाची खळी तुझ्या त्या फोटोत होती. मी प्रदर्शनात हात बघितला आणि फिरलो, चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

आज ऊन आहे. गच्चीवर चाललोय.

– बाबा

मोशी, १५ फेब्रुवारी

विजू,

झाला.

खळी आली. भुवईवरचा व्रण आला, तो तर मी विसरलोच होतो. हात उजवा आहे. अंगठा आणि दोन बोटं ग्लासाभोवती, आणि जिथं दोन नाहीत तिथली गाठ आलेली कातडीसुद्धा दिसते. आईनं बघितला आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळानं डोळे पुसत आली आणि म्हणाली, "भावजी आत्ता चहा मागतील."

फ्रेम साधी केली आहे. वहिनींना अजून दाखवला नाही, मला भीती वाटते. वर्षश्राद्धाच्या दिवशीच नेतो.

– बाबा

मोशी, २३ फेब्रुवारी

विजू,

काल वर्षश्राद्ध झालं. हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

सकाळी फोटो नेला. वहिनींनी कागद सोडला. या खेपेला काच पुसली नाही. नुसत्या बघत राहिल्या आणि फोटोला म्हणाल्या, "आलासा व्हय." एवढंच. मग पाट मांडला आणि स्वतःच्या हातानं फोटो त्यावर ठेवला.

माणसं जमायला लागली. रोहिदासचा पुतण्या गणराज हार घेऊन आला. त्यानं हार घातला, मागे सरकून बघितलं आणि पुढे होऊन हार हळूच खाली ओढला. झेंडूनं हात झाकला गेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण दुसऱ्याच्या घरातलं कार्य, मी स्वतःला आवरलं. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या, त्यांनी ते बघितलं. तांब्या खाली ठेवला.

"हार वर घे, गणराज."

"काकी, पाव्हणं येत्यात. हात बरा दिसत न्हाई."

"त्यांनी सोता दाखवलाय त्यो हात. तू कोन झाकनारा? वर घे."

पंगत उठल्यावर मी त्यांना विचारलं, स्वतः दाखवलाय म्हणजे काय? रोहिदासनं तो हात कुणाला दाखवलेला मी बघितला नाही. आयुष्यभर तो खिशात घालून फिरला. लग्नात अक्षता डाव्या हातानं टाकायचा. पोरीच्या कन्यादानाला हातावर उपरणं घेऊन बसला होता.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण ते मला माझ्या शब्दांत जमणार नाही.

"तुमी पुन्याला भांडून आलासा न्हवं, त्याच्या मागनं चार-पाच दिसांनी. मला म्हनलं, बँकेत जाऊन येतो, आन् गेलं पुन्याला. तितं त्यांचा फोटू हुता, त्याच्याम्होरं हुबं ऱ्हायलं. कालिजातल्या दोन पोरी बघत हुत्या. येक दुसरीला म्हनली, ह्यो हात कुनाचा आसंल गं. तर मालकांनी खिशातनं हात काढला आन् त्यांच्याम्होरं धरला. माजा हाय, म्हनलं. त्या पोरींनी त्यास्नी खुर्ची दिली, समदं इचारलं, परेस कशी हुती, कसं झालं. घरी आलं तवा येगळंच त्वांड हुतं बगा. जेवताना मला म्हनलं, शालन, माजा हात काचंत लावलाय."

मी म्हणालो, मला का नाही बोलला? रोज संध्याकाळी आम्ही इंद्रायणीच्या पुलापर्यंत चालत जायचो. वर्षभर चाललो त्यानंतर.

वहिनी म्हणाल्या, "तुमाला सांगायचं न्हाई म्हनलं. तुमच्या पोरीलाबी तितंच बजावून आलतं. बापाला बोलू नगंस, म्हनलं, त्यो माज्यापायी भांडलाय, त्याला वशाळल्यावानी हुईल. पोरीनं शबूद दिला. दहाव्याला घाटावर आलती तवाबी म्या म्हनलं, आता सांग की गं बापाला. तर म्हनली, काकांना शबूद दिलाय."

एक वाक्य होतं, विजू. 'काका स्वतः येऊन बघून गेले.' एवढं म्हणाली असतीस तर माझं तोंड त्याच दिवशी बंद झालं असतं. मी आईच्या तोंडून तुला काय काय ऐकवलं. माणसाची लाज विकतेस, असंसुद्धा म्हणालो. आणि ते वाक्य तुझ्याजवळ होतं. तू ते गिळून बडोद्याला बसलीस. रोहिदास रोज संध्याकाळी माझ्याशेजारी चालत होता, हात खिशात घालून, आणि मी त्याला सांगायचो की बघ, तुझ्यासाठी मी पोरीलासुद्धा सोडलं नाही. तो नुसता हं म्हणायचा. तुम्हा दोघांना मी इतका नाजूक वाटलो? माझ्यासाठी तुम्ही दोघांनी मिळून दोन वर्षं तोंडाला कुलूप लावलं आणि मला वाटत राहिलं की मीच एकटा खरा आहे.

मला भयंकर राग आलाय. तुमच्या दोघांचा आलाय. त्याच्यावर काढायची सोय राहिली नाही, म्हणून त्याच्या वाट्याचाही तुझ्यावरच निघणार. पत्रात तो मावत नाही. कागद लिहिला की फाडावासा वाटतो, कारण निम्म्यात मला रडू येतं आणि मग ते रागावल्यासारखं वाचता येत नाही. तू समोर बस आणि ऐकून घे. मग तुझं काय असेल ते तू बोल, मी ऐकेन. तुझी आठवण येते, हे लिहिण्यासाठी मी प्रिंटरच्या नावानं पाच पत्रं खर्च केली.

आज सकाळी मी आईला सांगून टाकलंय की विजू होळीला येतेय. ती हरभऱ्याची डाळ आणायला गेलीसुद्धा. आता मला खोटं पाडू नकोस.

– बाबा